फळीवरची ताटं

आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या डून लेरीला, आमच्या शेजारी एक आजी राहायची. एकटी, ऐंशी कधीच ओलांडलेली. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या मागच्या अंगणावर उघडायची. दोन हजार वीसच्या मार्चमध्ये सगळं बंद झालं तेव्हा आमचा ठराव झाला: तिनं सकाळी उठून त्या खिडकीचा पडदा वर करायचा, म्हणजे बाई ठीक आहे हे मला कळायचं. पडदा वर दिसला की मी डबा उचलून कामावर जायचे. औषधांच्या कारखान्यात माझी नोकरी, आमचं काम काही बंद होणारं नव्हतं.

तिला मी आजी म्हणते ते इथे, मराठीत लिहिताना. समोर नावानंच हाक मारायचे, तिला तेच हवं असे. इंग्रजीत अहो-जाहोची भानगड नाही, त्यामुळे माझ्या मनात ती 'ती'च राहिली. सासूबाई मात्र आधी अहो आणि मग सासूबाई.

या सासूबाई फेब्रुवारीत पाहुण्या म्हणून आल्या आणि अडकल्या. माझा नवरा हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर. घरात आजार नको म्हणून त्यानं हॉस्पिटलजवळ खोली घेतली. म्हणजे घरात उरलो आम्ही दोघी: मी, डोंबिवलीची, जिला माहेरी फटाक्याची माळ म्हणायचे, आणि रेवदंड्याच्या सासूबाई, ज्यांच्यापुढे माझी माळही फुसकी. पहिल्या महिन्यात आम्ही एकमेकींना कच्चं खाल्लं नाही, हीच देवाची कृपा.

त्यांना गप्पांना कुणीतरी हवंच होतं. मागच्या अंगणातल्या भिंतीपलीकडे आजी कपडे वाळत घालायची, अलीकडे या. एक इंग्रजीत बोलायची, दुसरी मराठीत, दोघींनाही कमी ऐकू यायचं, आणि दोघींचं झकास जमायचं. मला दोन्ही भाषा येतात, पण तेव्हा माझं कुणाशीच जमत नव्हतं.

दर शुक्रवारी संध्याकाळी आजीच्या खिडकीत दोन मेणबत्त्या लागायच्या. मी वर्षभर शेजारी राहून त्याचा विचार केला नव्हता. सासूबाईंनी महिन्याभरात हेरलं.

"अगो, ही तं तेलीण हाय!"

"कसली तेलीण? हॉलंडची आहे ती."

"असू दे हॉलंडची. शुक्रवारी सांजचे दिवा, शनवारी कामाला हात नाय. काल शनवार होता, एक फडका तरी दोरीवर दिसला काय तुला? आमचे आळीन तेल्यांची घरं होती. शनवारी घाणा बंद म्हंजे बंद. राजा आला तरी तेल मिळायचं नाय. तुम्ही ज्यू म्हणता ते तेच."

शनिवार तेल्यांबद्दल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंबद्दल, मी शाळेत दोन ओळी वाचल्या होत्या. सासूबाई त्यांच्या अंगणात खेळल्या होत्या. तेल्यांची मुलगी त्यांच्याच वर्गात, एका बाकावर. ती मराठीच बोलायची, तिची आई लुगडं नेसायची. मी भिंतीवरून आजीला विचारलं, तर ती सहज म्हणाली, हो, मी ज्यू आहे. झालं! सासूबाईंनी त्याच दिवशी मलिदा केला: भिजवलेले पोहे, गूळ, खवलेला नारळ, वेलची. तेल्यांकडे नवस फेडताना तो असायचा म्हणे. आजीनं भिंतीवरून वाडगा घेतला, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "ग्रँड." इथे छान म्हणायचं तर ग्रँड. सासूबाईंचा तो पहिला इंग्रजी शब्द. पुढे चहापासून हवेपर्यंत सगळं ग्रँड झालं.

मे महिन्यात म्हाताऱ्यांना बाहेर पडायची मुभा मिळाली. दुकानांनी त्यांच्यासाठी सकाळची खास वेळ ठेवली होती. मी आजीला म्हटलं, त्या वेळेला जा, गर्दी नसते. तिनं मान हलवली.

"नेमून दिलेल्या वेळेला मी दुकानात जात नाही."

काय हा तोरा, असं मला वाटलं. माझ्या तोंडाला कुलूप नाही. मी म्हणून गेले, "बरोबर आहे, सध्या सगळ्यांनाच कैद्यासारखं वागवतात."

तेव्हा ती एकदम उखडली. "तुलना करू नकोस! तेव्हाचे नियम आम्ही मरावं म्हणून होते. आताचे मी जगावं म्हणून आहेत."

"मग जात का नाही?"

"डोक्याला कळतं," ती म्हणाली, "पायांना कळत नाही."

मग उन्हाळाभर, भिंतीशी उभं राहून, थोडंथोडं तिनं सांगितलं. ती लहान असताना जर्मन सैन्यानं त्यांचा देश बळकावला. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही. मग एकेक हुकूम येत गेला. बागेतल्या बाकावर बसायचं नाही. ट्राममध्ये चढायचं नाही. सायकली जमा करा. दुकानात फक्त दुपारची ठरावीक वेळ, तोवर भाजी संपलेली असायची. तिची आई पिशवीत सुकलेला पाला घेऊन यायची आणि त्याचं सूप करायची. भाजीवाल्याला वाईट वाटायचं, पण तोही घाबरलेला. शेवटी एक दिवस आईनं तिला एका ओळखीच्या बाईबरोबर खेड्यात पाठवलं. 'फक्त थोड्या दिवसांसाठी,' असं सांगून. त्या शेतकऱ्याच्या घरात ती लढाई संपेपर्यंत लपून राहिली. दारावर थाप पडली की श्वाससुद्धा हळू घ्यायचा, हे तिथे शिकली. आई परत आलीच नाही.

लढाईनंतर शेतकरी तिला तिच्या गावी घेऊन गेला. घर होतं. दार अनोळखी माणसांनी उघडलं. आत टेबलावर जेवण चाललं होतं, आणि ताटं तिच्या आईची होती, निळ्या काठाची. तिनं शेतकऱ्याला बोट करून दाखवलं. त्या माणसांनी दार लावून घेतलं.

सासूबाईंना मी संध्याकाळी हे मराठीत सांगितलं, तेव्हा त्या फक्त ताटांपाशी अडकल्या. "दुसऱ्याच्या ताटात जेवली? पोरगी दारात उभी, आणि ती माणसं जेवत बसली?" रात्रीचा भात त्यांनी तसाच ठेवला.

आजी पुढे एका आयरिश माणसाशी लग्न करून इकडे आली. मूलबाळ नाही, नवरा गेला. डब्लिनमध्ये तिनं तशीच निळ्या काठाची ताटं शोधून विकत घेतली होती. ती प्रेसमध्ये नव्हती, इथे कपाटाला प्रेस म्हणतात. उघड्या फळीवर मांडलेली असायची, दारातून दिसतील अशी.

सप्टेंबरात ती अंगणात पडली. फार लागलं नाही, पण कॅनडात तिच्या नवऱ्याचा पुतण्या होता, तो हादरला. वाईट माणूस नव्हता, लांबचा होता, इतकंच. त्याचं म्हणणं, नर्सिंग होममध्ये ठेवू, फक्त थोड्या दिवसांसाठी. हे शब्द त्यानं कुठून काढले देव जाणे. त्या वसंतात नर्सिंग होममधली म्हातारी माणसं कशी गेली हे माझा नवरा रोज बघत होता. तो म्हणाला, जमेल तितके दिवस घरीच राहू दे. पण आजीची भीती आजाराची नव्हतीच. "एकदा मी घर सोडलंय," ती म्हणाली. "दुसऱ्यांदा नाही."

शेवटी तिची आणि पुतण्याची तडजोड झाली, आणि मधे मी. पुतण्या दर रविवारी मला फोन करणार आणि एकच विचारणार: ती दार उघडते का? ज्या रविवारी मी नाही म्हणेन, त्या आठवड्यात ती जाणार. तिनं तसा शब्द दिला होता. दार तर उघडायचंय, त्यात काय, असं मला वाटलं.

मग दिवाळी आली. पाच किलोमीटरची मर्यादा, कुणाकडे जायचं नाही, कुणी यायचं नाही. मी तर चकलीचा सोऱ्याही काढला नव्हता. सासूबाईंनी मात्र मी कामावर असताना एकटीनं आकाशकंदील केला. टोमॅटोच्या रोपांना लावायच्या काठ्या घेतल्या, त्यांचे दोन त्रिकोण एकमेकांवर बांधले, कणकेची खळ करून कागद चिकटवला, आत बल्ब सोडला, आणि कपड्यांच्या दोरीच्या खांबावर टांगला. आजीच्या खिडकीच्या अगदी समोर.

शुक्रवारची संध्याकाळ होती. मी थकून अंधारात घरी आले, तर मागच्या दारातून पिवळा उजेड. कंदील! परदेशात, त्या मेल्या वर्षात, माझ्या घरी कंदील! माझे डोळे भरून आले. ट्यूब मात्र पेटली नाही. शेजारच्या खिडकीत मेणबत्त्या नाहीत, हेही मी पाहिलं नाही.

सकाळी पडदा खाली. मी बेल वाजवली, फोन केला, दुधाची पिशवी पायरीवर ठेवली. काहीच नाही. आत रेडिओ ऐकू येत होता, म्हणजे बाई जिवंत होती. पण मी बेल वाजवली की रेडिओ बंद व्हायचा. मी परत फिरले की थोड्या वेळानं पुन्हा सुरू.

रविवारीही पडदा खाली. दुधाची पिशवी तिथेच. मी अंगणात उभी राहून तिच्या खिडकीकडे बघत होते, आणि मग खिडकीतून काय दिसत असेल म्हणून वळून पाहिलं. बल्ब बंद होता. दिवसाउजेडी, काठ्यांवर ताणलेला, सहा टोकांचा, पिवळाधमक तारा. तेव्हा ट्यूब पेटली.

मी स्टूल आणून तो खाली ओढला. दोन टोकं मोडली. आणि सासूबाईंवर अशी फुटले की बास. "पिवळाच कागद मिळाला? सहाच टोकं करायची होती? तिच्याच खिडकीसमोर?"

त्या हातातलं लाटणं घेऊन दारात आल्या. त्यांना काही समजेना. "तेल्यांच्या मशिदीवर हीच चांदणी होती गो. ते लोक देवळाला मशीद म्हणत. तिच्या देवाची चांदणी, म्हटलं तिलाही दिवाळी दिसू दे. पिवळा तं हळदीचा रंग. मी तिला मान दिला."

मग मी सांगितलं. जर्मनांनी ज्यूंना कपड्यावर पिवळा तारा शिवायला लावला होता. छातीवर, सगळ्यांना दिसेल असा. लहान मुलांनासुद्धा. म्हणजे रस्त्यात कुणालाही ओळखता यावं, आणि पुढे धरून नेता यावं.

सासूबाई स्टुलावरच बसल्या. "माणसांना खूण लावली? गुरांना डागतात तशी?"

"हो."

"आणि मी तिचे दारात टांगली." त्या मोडक्या कंदिलाकडे बघत राहिल्या. मग एकदम उठल्या, पोहे भिजत घातले, नारळ फोडला. मला रडू येत होतं आणि रागही, आणि ही बाई पोहे भिजवतेय! पण मलिदा झाला तशी त्यांनी नऊवारीवर माझा जाड कोट चढवला आणि पुढच्या दारानं निघाल्या. मी मागून.

आजीच्या दाराला खाली पत्र टाकायची पितळी झडप होती. सासूबाई गारठलेल्या पायरीवर बसल्या आणि झडप उचलली. आतला रेडिओ बंद झाला.

"बाय," त्या म्हणाल्या, "चुकलं गो माझं. आमचेकडे त्या चांदणीला कुणी हात लावला नव्हता. मला काय ठाव?"

मी गुडघ्यावर बसून इंग्रजीत सांगत गेले. तेवढ्यात माझा फोन वाजला. कॅनडा. युवर मॅन, म्हणजे इथल्या भाषेत आपले हे गृहस्थ, अगदी वेळेवर! "दार उघडते ना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "एका तासानं फोन कर." त्यानं काही विचारायच्या आत मी फोन ठेवला. मला खोटं बोलता येतं, पण त्या झडपेसमोर ते जमलं नाही. ती आतून ऐकत होती.

सासूबाईंचं चालूच होतं. तेल्यांच्या घाण्याला बैल कसा होता, शनिवारी त्यालाही कशी सुट्टी. ते लोक रेवदंड्याला कधी आले ते कुणालाच ठाऊक नाही, इतकं जुनं. मग एके दिवशी ते इस्रायलला निघाले. कुणी हाकललं नाही, आपल्या मनानं निघाले. सगळी आळी त्यांना पोचवायला गेली, बायका रडल्या. जाताना बाकावरच्या त्या मैत्रिणीच्या बापानं घराची चावी सासूबाईंच्या वडिलांच्या हातावर ठेवली. वडील दर वर्षी पावसाळ्याआधी आपली कौलं शाकारायचे तशी त्यांचीही शाकारायचे. वडील गेले, मग सासूबाईंचा भाऊ करायला लागला. मैत्रीण एकदाच आली, केस पिकल्यावर. भावानं चावी दिली, तिनं आपल्या हातानं दार उघडलं.

मी हे सगळं झडपेतून सांगितलं. माझे गुडघे गारठले होते. मग दाराच्या अगदी मागून, बारीक आवाजात, आजीनं विचारलं, "आणि ताटं?"

मी ते मराठीत सांगितलं. सासूबाईंना प्रश्नच कळेना.

"ताटं? ताटं कुठं जातील? फळीवर होती. भावजयीनं घासून दिली, तिला जेवायला."

मी इंग्रजीत सांगितलं. साखळी निघाली. दार उघडलं.

ती झोपायच्या गाऊनमध्ये होती, दोन दिवसांत वाळून गेली होती. आम्ही नियमाप्रमाणे दोन पावलं मागे सरकलो. मलिद्याचा वाडगा उंबऱ्यावर. तिनं दाराला टेकून सांगितलं: तारा सहा वर्षांच्या पुढे लावावा लागे. तिच्या मोठ्या मावसबहिणीला होता, तिला नव्हता, म्हणून ती वाढदिवसाची वाट बघत होती. आई रात्री तिच्या कोटाला तो शिवत होती आणि आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "मला वाटलं, सुई टोचली," आजी म्हणाली. "तुम्ही चांगल्या बायका आहात हे मला शुक्रवारीही ठाऊक होतं. पायांना कळलं नाही."

तासाभरानं फोन आला तेव्हा तो तिनंच घेतला. "मी दारातच उभी आहे, ऐकू येतंय ना?" असं खणखणीत सांगून परत दिला.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. जानेवारीत, आजार पुन्हा उसळलेला असताना, आजी मागच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरली. सासूबाईंनी तिची हाक ऐकली. पाय मोडला होता. ॲम्ब्युलन्स आली. गाऊन, मास्क, तोंडावर काच लावलेली दोन माणसं. स्वभावानं फार मऊ होती बिचारी. तिला स्ट्रेचरवर घेतलं आणि त्यातला एक म्हणाला, "फक्त थोड्या दिवसांसाठी."

स्ट्रेचर पुढच्या दारातून निघताना तिनं चौकट धरली. दोन्ही हातांनी. माणसं समजावत होती, मी समजावत होते, ती सोडत नव्हती. तिच्या बोटांची नखं पांढरी पडली. मी तिला कधी असं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

सासूबाई मला बाजूला सारून पुढे आल्या. त्यांनी हात पसरला.

"चावी दे, बाय."

मराठीत. मी भाषांतर केलं नाही, लागलंही नाही. आजीनं त्यांच्याकडे पाहिलं, मग एक हात चौकटीवरून काढला, गळ्यातल्या दोरीची चावी ओढून काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. सासूबाईंनी मूठ मिटली आणि कपाळाला लावली. मग आजीनं दुसरा हातही सोडला.

त्या दिवसापासून रोज सकाळी सासूबाई शेजारी जाऊन पडदा वर करायच्या आणि संध्याकाळी खाली. ताटं पुसायच्या. शुक्रवारी दोन मेणबत्त्या लावून त्या विझेपर्यंत तिथेच बसायच्या. मी म्हटलं, अहो, तुम्ही कशाला, तो त्यांचा विधी. त्या म्हणाल्या, "घराला काय कळतंय? घराला दिवा लागतो." हॉस्पिटलात भेटायला बंदी होती. माझा नवरा त्याच हॉस्पिटलात होता, तो ड्यूटी संपली की तिच्या वॉर्डात डोकवायचा. ती एकच विचारायची, पडदा वर आहे का. तो मला फोन करायचा, मी खिडकीतून बघून सांगायचे.

मार्चअखेरीस ती काठी टेकत घरी आली. सासूबाईंनी आत हीटर लावून ठेवला होता. चावी त्यांनी तिच्या हातात दिली, दार तिनंच उघडायचं म्हणून. दोनदा चावी चुकली. आम्ही मदत केली नाही.

आत गेली ती कोट न काढता सरळ स्वयंपाकघरात. फळीवर ताटं होती. तिनं एक काढलं, निळ्या काठावरून अंगठा फिरवला, परत ठेवलं. मग खुर्चीत बसली आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. रडता रडता काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" सासूबाईंनी विचारलं.

मी मराठीत सांगितलं. "म्हणते, परत येता येतं."

"मग?" सासूबाई म्हणाल्या, आणि फळीवरची तीन ताटं काढून टेबलावर मांडायला लागल्या. "तिचं घर हाय. येणार नाय तं जाणार कुठं?"